मूळ आडनाव वेगळंच होतं म्हणे

पुण्यात कुणालाही आडनाव विचारा, उत्तरामागोमाग पुरवणी येते: ‘पण आमचं मूळ आडनाव वेगळंच.’ पुढच्या वाक्यात पेशवे, त्यापुढच्या वाक्यात सनद. दाखवा म्हटलं, की ती 1961च्या पानशेतच्या पुरात गेलेली असते. पाणी तेव्हा नदीकाठच्या पेठांत शिरलं होतं हे खरं; पण सनदांच्या बाबतीत ते पर्वतीच्या पायऱ्याही चढलेलं दिसतं.

पंचाईत अशी, की पुरवणीतला पहिला भाग पुष्कळदा खरा निघतो. खुद्द पेशवे मूळचे भट, नाना फडणवीस भानू, रास्ते गोखले. हुद्दा मिळाला की जुनं आडनाव मागे पडायचं. म्हणून आजच्या फडणिसांनी नानांशी नातं जोडण्याआधी जरा थांबावं. फडणिशी हे काम होतं आणि ते अनेक दरबारांत चालायचं. कुलकर्णी तर गावोगाव. नुसत्या ‘कुलकर्णी’ एवढ्या माहितीवर पूर्वज शोधणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर ‘ओ काका’ अशी हाक मारणं.

‘कर’वाल्यांना वाटतं, आपलं सोपं आहे. वडगावकर घ्या. कुठलं वडगाव? बुद्रुक, खुर्द, शेरी की मावळ? ही झाली फक्त पुण्याच्या आसपासची. शिवाय वडगावात राहणाऱ्याला वडगावकर कोण कशाला म्हणेल? हे आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं, त्यामुळे मूळ गावच्या जुन्या कागदांत ते बहुधा नसतंच. तिथे पूर्वज ‘रामजी बिन संताजी’ एवढेच असतात. तेव्हा आडनाव बाजूला ठेवायचं आणि माणूस शोधायचा.

सुरुवात घरातल्या ट्रंकेतून नको, आजोबांच्या शाळेतून करावी. दाखला हरवलेला असला तरी जनरल रजिस्टरचा उतारा मिळू शकतो. त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा असते. गाव कळलं की फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी. त्यातली वारसनोंद म्हणजे अर्धी वंशावळ, आणि ज्या आत्याचा घरात कुणी विषय काढत नाही तीही तिथे सापडते. नकलेचा अर्ज करताना एक घोळ हमखास होतो: आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, जमिनींच्या एकत्रीकरणाच्या आधीच्या कागदावर सर्व्हे नंबर. दोन्ही जुळवून न नेल्यास खिडकीतून ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर मिळतं. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मागावं.

त्याच्या मागे गेलात की मोडी, म्हणजे जुन्या कागदांची घसटती लिपी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, कागद रुमालात बांधलेले असतात, म्हणजे कापडी गठ्ठ्यात. खिशातला रुमाल धुळीसाठी वेगळा न्यावा. मोडी शिकायला अवघड नाही, वर्ग भारत इतिहास संशोधक मंडळातही भरतात. अवघड आहे ती लिहिणाऱ्याची घाई. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पुण्यात ऱ्हस्व-दीर्घावरून बोलणं तुटतं, आणि याच गावातून सगळा कारभार त्याच्याविना चालला, हे पचायला वेळ लागतो.

तारीख तर कोडंच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार: शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, 1161. वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास, बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपत जानेवारीतलं, म्हणून 1761. हे एकाचं चुकलं, की बाप आजोबांच्या आधी जन्मतो, आणि अशा वंशावळी चौकटीत लावलेल्या मी पाहिल्या आहेत.

नावंही सरळ चालत नाहीत. मुलं जगत नसली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू किंवा दगडू म्हणायचे, वहीत तेच. दत्तक गेला की बापाचं नाव बदलतं, कधी स्वतःचंही. एकाच आडनावाची दोन घरं दिसली तर देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, आणि कुलदैवत विचारा. जाधव-जाधव म्हणून गळ्यात पडलेले लोक देवक ऐकून पुन्हा ‘अहो-जाहो’वर आलेले आहेत.

कागद संपले तरी नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय उरतातच. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाची नोंद असते. बाप, आजा, भाऊ, मुलगे सगळे. नुसतं आडनाव सांगून उपयोग नाही, मूळ गाव सांगावं लागतं, कारण कुणाचं गाव कुणाकडे हे वाटून घेतलेलं असतं. बायका इथे फार निसटतात: लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, की माहेरची मथी संपते आणि सासरची राधा कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही. तुमचीही नोंद ते विचारतील. बायकोचं कुठलं नाव लिहायचं हे घरून ठरवून जा. उपाध्यायांच्या ओसरीवर, मागे रांग उभी असताना, ते ठरत नाही.