आधी आडनाव, मग डिपॉझिट

सांगलीत भाड्यानं फ्लॅट बघायला निघा, विश्रामबाग असो नाहीतर शंभर फुटी रोड, फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा. वर समजूत काढतात, "तसं काही नाही हो, पण मिक्स वस्तीत भरवसा राहत नाही."

हल्ली या वाक्याला अमेरिकेचा टेकूही मिळालाय. तिथले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००७ साली मांडलं, की नाना वंशांचे लोक शेजारी आले की माणूस आक्रसतो, आपल्यातल्यांवरही कमी विश्वास ठेवतो. बरं. पण २०१५ साली मारिया अबास्काल आणि डेलिया बाल्दासारी यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि नुसत्या मिश्रणावर खापर फोडता येत नाही, आर्थिक परिस्थिती जास्त बोलते, असं दाखवलं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

खरं तर इतक्या लांब जायलाच नको. आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या पार केरळ-तामिळनाडूत सोनं-चांदी गाळतायत. तिथं भाषा परकी, आडनाव तर कुणाला धड उच्चारताही येत नसेल. तरी तिथला सराफ सोनं यांच्या हातात देतो, कारण गाठ रोजची आहे. वजनात खोट आली तर बाजारभर बोभाटा होईल. आपल्या मार्केट यार्डातही तेच. अडत्याची जात शेतकऱ्याला ठाऊक असतेच, पण हळद घालताना तो विचारतो, पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब नि पैसे) वेळेवर देतो का?

नुसते गोडवे गाऊन मात्र भागत नाही. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल पेटली. २०१९ च्या पुरात बोटीत चढताना कुणी आडनाव विचारलं नाही; पाणी ओसरलं, विचारणं परत सुरू.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीनं अभ्यासली. नुसत्या शेजारपणापेक्षा, दोन्हीकडची माणसं आत असलेल्या व्यापारी संघटना, युनियन दंगल थोपवायला जास्त उपयोगी पडतात, असं त्यांना दिसलं. मला हे पटतं. शिरखुर्मा छानच, पण तो वर्षातून एकदा.

आमच्या अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, स्नेहमेळावा राहू दे, मेंटेनन्सचं खातं आणि टाकीचं काम दोन वेगळ्या समाजांतल्या माणसांकडं द्या. सेक्रेटरी म्हणाले, बघू. भाडेकरूंना तर मीटिंगला बोलवायचंच नाही, असा आमच्याकडं रिवाज. पाण्याचं बिल मात्र त्यांच्याकडून वेळेवर पाहिजे!