जवाई, अननस आणि नवतपा

मे महिन्यात आमच्या वरुड भागातला माणूस विस्तवाजवळ जातो तो दोनच कारणांनी: चहा, नाहीतर मयत. स्वयंपाक बायका उन्हं चढायच्या आत उरकून टाकतात. मग दिवसभर ताक, पन्हं, कांदा-भाकर. घरात कूलर, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. अशा मुलखात राहणाऱ्या बापाला त्याच्या पोटच्या पोरीने पुण्याहून फोन करून सांगावं, "बाबा, एकदम सोप्पं आहे. समर डेझर्ट. फळं कापायची, निखाऱ्यावर भाजायची, वर आइस्क्रीम. दहा मिनिटांचं काम."

निमित्त जावयाचं. यंदा अधिक महिना आला तो ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून. त्यातच २५ मेपासून नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नऊ दिवस आमच्या डोक्यावरून उठत नाही. मागचा अधिक २०२३ साली श्रावणात होता. बाहेर पाऊस, आत तळण, धोंड्यांवर धोंडे आणि अनारशांवर अनारसे जावयाने हसत रिचवले. जावई अजून तोच आहे, पोट मात्र त्याने नवीन घेतलं. आता तो मैदा खात नाही, तळलेलं खात नाही, साखरेचं नाव काढलं की हात जोडतो. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला गोड जेवू न घालता परत पाठवलं तर गावात सासऱ्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून पोरीने हा तोडगा काढला. फळातली साखर चालते म्हणे.

आई बाजेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "फय कच्चं असलं तं भाजाव. कैरी भाजतोच ना आपण पन्ह्याले. पिकल्यावर कायले भाजाचं? देवानं शिजवलंच हाये ना थे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरीकडेही नव्हतं. ती म्हणाली, "आजीला फोन नका देऊ."

मूळ कृतीत पीच होतं. आमच्या आठवडी बाजाराने पीच पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तर भाव विचारून सोडून दिलं असतं. आता कोणी म्हणेल, वरुड-मोर्शीचा माणूस, चहूकडे संत्र्याच्या बागा, आणि हा फळ शोधत हिंडतो! बरोबर आहे. पण संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल धरतं, फळ येतं दिवाळीच्या आगेमागे. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटून जातं. मे महिन्यात झाडावर असतात त्या आंबियाच्या हिरव्या गोट्या, आणि त्याही उन्हाने गळून राहतात म्हणून बागवाल्याचा जीव टांगणीला. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने मे महिन्यात संत्रं मिळायची सोय झाली नाही.

बाजारात होतं ते असं: टरबूज, खरबूज, अंजनगाव सुर्जीकडची केळी, बैंगनपल्ली आंबा आणि आमचा गावरान. अननस अमरावतीहून भाच्याने आणला. एसटीत त्याला मांडीवर घेऊन बसावं लागलं, कारण खाली ठेवला की बाजूच्या बाईच्या पायाला टोचत होता.

फळातली साखर तांबूस होऊन तिला खमंग वास सुटला पाहिजे, हे सगळ्या प्रकरणाचं मर्म. घरातली साखर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तांबूस व्हायला लागते, फळसाखर ११० च्या आसपासच. हे वाचून मला धीर आला. आमच्या अंगणात ४५ फुकट मिळतात, म्हणजे फळसाखरेपुरते ६५ च कमवायचे होते.

त्या ६५ अंशांनी घर हलवून सोडलं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या, तर त्या भुरकन जळून गेल्या. ज्वाळ पुरुषभर, निखारा चिमूटभर. गोवऱ्यांवर रोडगे भाजले तर सोन्यासारखे लागतात, पण अननसाला गोवरीचा धूर लागला की खाणाऱ्याला गोठ्यात बसल्यासारखं वाटतं. शेवटी आठवण झाली संत्र्याच्या वाळक्या लाकडांची. बाग वाळली की झाडं उपटतात, आणि ते लाकूड जळणात येतं. त्याचा निखारा टिकतो, धूरही कमी. म्हणजे संत्रं नाही तर नाही, त्याचा सांगाडा तरी कामी आला.

आता जाळी. भाच्याने अडगळीतल्या जुन्या कूलरची जाळी उपसून आणली आणि लिंबाने घासायला घेतली. गावातला वेल्डिंगवाला पैसे मागायला आला होता, तो उंबऱ्यातूनच ओरडला, "काकाजी, जस्ताचा मुलामा हाये त्याले! तापलं का धूर सुटते. आमी जस्ताचं काम केलं का रातच्याले हुडहुडी भरून ताप येते. खाच्या कामाले नोका वापरू." आणि त्याने दुकानातल्या साध्या सळ्यांचे तुकडे जोडून, वितीएवढे पाय लावून, एक जाळी करून दिली. पैसे मागचे अधिक हे, असे दोन्ही घेऊन गेला. जाळी रिकामीच आधी चांगली तापवायची आणि मग तिच्यावर तेलाचा बोळा फिरवायचा, म्हणजे फळ चिकटत नाही, हेही त्यानेच सांगितलं. फळ त्याने आयुष्यात भाजलं नसेल, पण लोखंड त्याला कळतं.

तालीम अंगणात सुरू केली. दिवस मावळला होता, पण भिंती अजून तापलेल्या, आणि वारा असा की चेहऱ्यावर कोणी भट्टीचं दार उघडून धरलंय. पहिली ठिणगी उडाली आणि शेजारचा ओट्यावरून धावत आला.

"भाऊ! कुटाराची गंजी हाये ना बाजूले! गाव पेटवता का?"

"निखारा आहे फक्त."

"काय भाजून राहिले?"

"फळ."

"कायचं फय?"

"अननस."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग कापून खा ना बाप्पा."

त्याचं कुटाराचं म्हणणं खोटं नव्हतं. ढोरांच्या वाळल्या वैरणीला उन्हाळ्याच्या वाऱ्यात एक ठिणगी पुरते. सगळं बिऱ्हाड उचलून गच्चीवर नेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं गाव गच्चीवर झोपतं, त्यामुळे तिथे एकांत मिळेल ही आशा सोडून द्यावी. मी तसराळ्यात निखारे घेऊन जिना चढलो तर चारी दिशांच्या गच्च्यांवर माणसं उठून बसली. कोणी पाणी शिंपडून राहिलं होतं, कोणी गादी टाकून राहिलं होतं, आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

टरबूज पहिल्याच फेरीत बाद. त्यात ९२ टक्के पाणी. एवढ्याशा निखाऱ्यावर ते तांबूस होत नाही, गळतं आणि निखारा विझवतं. गावरान आंब्याची फोड पडतच नाही, तो चोखायचा जीव. बळेच कापला, तर कोय माझ्या हातात राहिली आणि बाकीचा आंबा सळ्यांमधून खाली गेला. बैंगनपल्ली जरा कडक असताना घेतला तर उभा राहतो. केळं मात्र गुणी निघालं: सालीसकट उभं चिरायचं, चिरलेली बाजू तुपाने पुसून खाली ठेवायची, आणि मग हात बांधून बसायचं. हलवायचं नाही. सगळा त्रास याच ठिकाणी आहे. मराठी माणसाला कढईत उलथणं घालायची इतकी सवय की समोर काही भाजत असलं आणि आपण ते हलवलं नाही तर हात शिवशिवतो. सौभाग्यवती तीनदा झाऱ्या घेऊन पुढे आली, तीनदा मी तिला परतवलं. खालून मंद फसफस येते, कडेला एकेक बुडबुडा फुटतो, वास बदलतो. मग उलटायचं. सळ्यांच्या तांबूस रेघा उमटलेल्या दिसल्या आणि बाजूच्या गच्चीवरून कोणीतरी "वा!" म्हणालं. अननसाच्या बोटभर जाडीच्या चकत्या तशाच. मध शेवटी, विस्तवावरून उतरवल्यावर. आधी लावला तर करपून कडू होतो. मध मेळघाटातला होता, तो तेवढा अस्सल होता.

आइस्क्रीमचं फार सांगत नाही. दुकानातून निघालं तेव्हा ते आइस्क्रीम होतं.

त्याऐवजी हिने चक्का बांधला. या दिवसांत दही रात्रीचं लावलं तर सकाळी आंबून डोळे मिटायला लावतं, म्हणून पहाटे लावलं, दुपारच्या आत फडक्यात टांगलं, आणि ते फडकंही माठावर, ओल्या पोत्याच्या आडोशाला. चक्क्यात वेलची, वर चारोळी. साखर नाही.

जावई आला. गच्चीवर पंगत बसली. त्याने पहिली चकती तोंडात टाकली, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "मामाजी, हे तर जिभेला टोचतच नाही!"

या वाक्याची मी वाटच पाहत होतो. सांगितलं, अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं, म्हणून कच्चा अननस खाल्ला की जीभ चरचरते. उष्णतेने त्याचा जोर मोडतो. जावई मान हलवत ऐकत होता. लग्न झाल्यापासून माझं काही त्याने एवढ्या लक्ष देऊन ऐकल्याचं मला आठवत नाही. मी अजून साखरेच्या ११० अंशांवर येणार होतो, तेवढ्यात आई जिना चढून वर आली. गुडघे धरत, एकेक पायरी. मागे सौभाग्यवती, आणि तिच्या हातात परात. परातीत धोंडे आणि ३३ अनारसे, वरून तुपाचा दिवा.

"अगं, हे कधी केलं?"

"तुमी निखारे फुंकून राहिले होते ना, तेव्हा," ही म्हणाली.

"पण त्याला चालत नाही."

"अधिकाचं वाण हाये," आई म्हणाली. "थे का जवायाले विचारून ठरते?"

म्हणजे तळण टळावं म्हणून जे केलं, ते तळण होऊन वर हे. जावयाने आजीच्या मानाखातर एक अनारसा उचलला. मग आजीच्या डोळ्यांखातर दुसरा. त्यानंतर त्याने कोणाच्या खातर खाल्ले ते कळलं नाही, पण परात त्याच्याच बाजूला सरकत गेली. भाजलेली केळी पोरांनी संपवली.

पुढच्या बाजारात गेलो तर फळवाल्याने काळे डाग पडलेल्या केळ्यांचा वेगळा ढीग मांडलेला, आणि भाव चांगल्या केळ्यांपेक्षा जास्त.

"हे काय बे?"

"भाजाचे हायेत, काकाजी."

"अरे, मागच्या बाजारी हे ढोरांपुढे टाकत होता तू!"

"मागच्या बाजारी कोणाले मालूम होतं? सगळ्या गच्च्यायवरून पाह्यलं ना लोकायनं."

त्याला मी सांगत होतो की इतकं पिकलेलं केळं सळ्यांवर टिकत नाही, लिबलिबीत होऊन खाली पडतं, जरा कडकच लागतं. तेवढ्यात मागून हात आला आणि त्या ढिगातली फणीच्या फणी उचलून पिशवीत गेली. वळून पाहिलं तर कुटारवाला शेजारी.

"भाऊ," तो म्हणाला, "थे सळ्यायची जाळी आज रातच्याले देसान का? आमचाबी जवाई येऊन राह्यला."