अमाशेची रात, दोन गॅलेक्सी आणि आमचा वाडा

गोव्यात उत्तरेचं आकाश बघायचं म्हणजे पहिलं भांडण माडांशी. ध्रुवतारा इथं क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर, त्यामुळे आमच्याकडे तो कायम कुणाच्या तरी चुडतांत अडकलेला. त्यामानाने एम ८१ आणि एम ८२ ही गॅलेक्सींची (दीर्घिकांची) जोडी बरी, मार्च-एप्रिलात रात्री सप्तर्षी वर आले की पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ मारायची आणि तेवढीच पुढे न्यायची, तिथं दोघी बाजूबाजूला. मधे पूर्ण चंद्र जेमतेम मावेल एवढीच जागा.

पाडव्याच्या आदल्या रात्री, अमाशेला, अंगणात दुर्बीण लावली आणि नेमकी लाईट गेली. मला आनंद, पण फॅन बंद म्हटल्यावर अख्खा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, माझ्याच अंगणात. काकी म्हणाली अमाशेला भायर रावू नाका, देवचार भोंवता, आणि मग स्वतःच लायनीत पहिली.

मी सांगत होतो की बर्लिनच्या बोडे नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ह्या दोन्ही ३१ डिसेंबर १७७४ ला शोधल्या. "थर्टीफर्स्टाक?" शेजारचा एकजण मनापासून हळहळला. (आपल्याकडे त्या रात्री माणसाला स्वतःची स्कूटर सापडली तरी पुष्कळ.) मग त्यांचा उजेड सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी निघालाय, एम ८१ च्या ओढाताणीने एम ८२ मधला गॅस ढवळला गेला म्हणून तिच्यात तारे धडाधड जन्मतायत, २०१४ मध्ये लंडनच्या विद्यार्थ्यांना ढगांच्या फटीतून तिच्यातच सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला, सगळं सांगून झालं.

काकीने डोळा लावला. "कितें रे हें? काच पूस मरे."

आता तो धुरकट डाग हीच एम ८१ आणि शेजारची राखाडी काडी ती एम ८२, पण मोबाईलवर लालभडक फवारेवाले फोटो बघितलेल्यांना हे कसं पटणार, ते फोटो कॅमेऱ्याने तासन् तास उजेड साठवून काढलेले असतात, आपला डोळा काय साठवणार! त्या फोटोंनी आमच्यासारख्यांचं वाटोळं केलंय, हे माझं स्पष्ट मत.

काकांनी तर बघताना नळीच दोन्ही हातांनी घट्ट धरली. गॅलेक्सी गेल्या कुठल्या कुठे, आणि काका रिकाम्या आकाशाकडे बघत "वा, सुंदर, सुंदर".

तेवढ्यात लाईट आली, अंगण साफ.

सकाळी वाड्याच्या ग्रुपवर पाडव्याच्या शुभेच्छांच्या मधोमध थर्टीफर्स्टवाल्याचा मेसेज, "काल आमच्या वाड्यातून दिसलेली गॅलेक्सी", सोबत हबल ह्या अंतराळातल्या दुर्बिणीचा झगझगीत फोटो. धडाधड अंगठे. खाली काकीने लिहिलंय, "हाची काच बरी नितळ आसा."