मुलगा होतकरू आहे

काल सकाळी एका ग्राहकासमोर माझ्या नोकरीसाठी रदबदली झाली. रदबदली करणारे आमच्या शेजारचे निवृत्त काका होते, ती ज्यांच्याकडे झाली ते पाण्याचे पंप तयार करणारे कारखानदार होते, आणि जिच्यासाठी झाली ती नोकरी मी कोणाकडेही मागितलेली नव्हती. किंबहुना हातची नोकरी सोडूनच मी घरी वेब डिझाइनचा व्यवसाय सुरू केलेला आहे. काका सोडलेली नोकरी आणि गेलेली नोकरी यांत फरक करत नाहीत. नोकरी गेलेला माणूस चारचौघांत लाज राखण्यासाठी 'व्यवसाय करतो' असे सांगतो, आणि आपण मोठ्या मनाने ते ऐकून घ्यायचे असते, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर शाळेच्या आणि आम्हा दोघांच्या नोकऱ्यांच्या वेळांचा मेळ बसेना, तेव्हा ज्याचे काम घरात बसून होण्यासारखे होते तो घरी बसला, एवढाच यामागचा इतिहास आहे. लॅपटॉप, इंटरनेट आणि दार लावता येईल अशी एक खोली एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहतो, असे सगळेच जाणकार सांगतात. आमच्याकडे खोली आहे आणि तिला दारही आहे. परंतु मुलीने एकदा आत स्वतःला कोंडून घेतल्यानंतर त्या दाराची कडी आम्हीच काढून टाकली. त्यामुळे माझे कार्यालय ढकलले की उघडते.

घरी बसलेल्या पुरुषाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, तिची सवय व्हायला वेळ लागतो. जिन्यात भेटणारी माणसे आवाज खाली आणून 'काही जमलं का?' असे विचारतात. हेच काम पत्नीने घरून केले असते, तर तिला कोणी बेकार समजले नसते, हे खरे. तिला रिकामी समजले असते आणि शेजारची दोन मुले सांभाळायला दिली असती. या दोहोंत अधिक वाईट काय, यावर आमच्या घरात एकमत नाही.

माझे काम नेमके काय आहे, हे सर्वांत अचूक मुलीला कळले आहे. 'बाबा दिवसभर चौकोन काढतात,' असे तिने शाळेत सांगितले, आणि पालकसभेत तिच्या बाईंनी पत्नीला बाजूला घेऊन 'घरी सगळं ठीक आहे ना?' अशी आस्थेने चौकशी केली. वास्तविक मुलीच्या विधानात खोट काढायला जागा नाही. सीएसएस या पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या दृष्टीने पानावरची प्रत्येक गोष्ट म्हणजे एक चौकोनच असतो: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर आणि सर्वांत बाहेर मार्जिन. संस्थापकांचे गोल दिसणारे छायाचित्रसुद्धा कोपरे गोलावलेला चौकोनच असतो. परंतु हे स्पष्टीकरण बाईंना दिल्यास त्यांची काळजी वाढेल, असे पत्नीचे मत पडले.

तर ते कारखानदार. त्यांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे हवी होती, कारण त्यांचा पंप पिवळा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची या बाबतीत मार्गदर्शक तत्त्वे आहेत. साध्या आकाराच्या मजकुराचे पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्टचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे त्यांत सांगितलेले आहे, आणि शुद्ध पिवळ्या रंगाचे पांढऱ्यावर हे प्रमाण १.०७ : १ एवढेच भरते. हे मी त्यांना ईमेलने कळवले, तक्ता करून दाखवले, फोनवर समजावले. 'मला तर व्यवस्थित दिसतंय,' हे त्यांचे उत्तर कायम होते, आणि ते स्वाभाविकही होते, कारण तिथे काय लिहिलेले आहे हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते. फोन नंबर पानाच्या वरच्या भागात असावा, ही माझी दुसरी विनंतीही त्यांनी फेटाळली होती. तसे केल्यास लोक उगाच फोन करतील, अशी त्यांना भीती होती. १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर नुसता मजकूर आणि दुवे होते, आणि ते पान आजही विनासायास वाचता येते. त्यांना ग्राहक नव्हता.

काल या सगळ्याचा निकाल लागायचा होता. मुलीला सुट्टी असल्यामुळे तिला रंगपेटी देऊन बाहेरच्या खोलीत बसवले, मागची खेळण्यांची रास दिसू नये म्हणून पार्श्वभूमी धूसर केली आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून मी कारखानदारांना मुखपृष्ठ दाखवू लागलो. बेल वाजली. मुलीने दार उघडल्याचे मला ऐकू आले, 'बाबा आत चौकोन काढतायत' हेही ऐकू आले, आणि पाठोपाठ दार ढकलले गेले.

"आहेस ना? म्हटलं, तू कुठं जाणार!" काका म्हणाले.

स्क्रीन शेअर करताना आवाज बंद करायचे बटण आपली नेहमीची जागा सोडून भलत्याच कोपऱ्यात जाऊन लपते. ज्याने ही रचना केली त्याच्या घरी मुले नसावीत आणि शेजारही नसावा. ते शोधेपर्यंत काकांनी वर्तमानपत्राचे एक कात्रण माझ्या खांद्यावरून पुढे धरले होते. पार्श्वभूमी धूसर करणारी ती प्रणाली माणूस तेवढा ओळखते आणि बाकी सारे पुसट करते. काका माणूस असल्यामुळे ते माझ्या डोक्यामागे अगदी स्वच्छ उमटले. त्यांच्या हातातले कात्रण मात्र कधी दिसे, कधी नाहीसे होई, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला ते हवेतल्या हवेत काही तरी पकडत असल्यासारखे वाटत असावे.

"लेखनिकाच्या जागा आहेत. वयाची अट तू ओलांडलीयस, मी बघितलं, पण अर्ज करायला काय जातंय?"

"काका, मी मीटिंगमध्ये आहे."

"कसली मीटिंग? घरात?" असे म्हणून त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ते स्क्रीन वाचू लागले. दुर्दैवाने तिथे अद्याप 'लोरेम इप्सम' होते. अंतिम मजकूर हाती येईपर्यंत जागा भरून दाखवण्यासाठी आम्ही मंडळी ही निरर्थक लॅटिन वापरतो. सिसेरो या रोमन वक्त्याच्या इ. स. पू. ४५ मधील लिखाणाची ती मोडतोड आहे, आणि कारखानदारांनी आपल्या कंपनीची माहिती वारंवार मागूनही पाठवली नव्हती, म्हणून ती तिथे होती. काकांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि अत्यंत हळुवार आवाजात ते मला म्हणाले, "इंग्रजी जरा कच्चं आहे का रे तुझं? मुलाखतीत तिथंच अडत असेल."

मी काही बोलण्यापूर्वी त्यांना कोपऱ्यातल्या चौकटीत कारखानदारांचा चेहरा दिसला. टाय, मागे मोठे टेबल, भिंतीवर प्रमाणपत्रे. काकांनी आयुष्यभर कार्यालयात काम केलेले आहे. साहेब त्यांना लगेच ओळखू येतो. ते सरळ उभे राहिले.

"नमस्कार साहेब. मी यांचा शेजारी. मुलाखत चालू आहे हे मला माहीत नव्हतं, माफ करा. पण आलोच आहे तर सांगतो. मुलगा होतकरू आहे. निर्व्यसनी आहे. पोरीचं सगळं हाच बघतो, सकाळी तिची वेणीसुद्धा हाच घालतो. नोकरी गेल्यापासून दिवसभर या खोलीत बसून असतो बिचारा, पण कधी कुणाशी वाकडं बोलला नाही. तुमच्याकडे कुठं चिकटवून घेता आलं तर बघा. पगाराचं काही नाही."

माझ्या कानशिलावरचे केस पांढरे होऊ लागले आहेत, तेव्हा 'मुलगा' या उल्लेखाचा मी फार तर आनंद मानला असता. वेणीबद्दलही माझी तक्रार नाही. ती मी चांगली घालतो. परंतु 'पगाराचं काही नाही' हे वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. ज्या माणसाकडून आगाऊ रक्कम मिळवण्यासाठी मी ईमेलमागून ईमेल पाठवले होते, त्याच्यासमोर काकांनी माझ्या वतीने एका दमात सर्वस्वाचा त्याग करून टाकला.

कारखानदार गप्प होते. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की तसा तो माझ्याशी बोलताना कधीही उजळलेला नव्हता. "काका, उभे का? बसा ना," ते म्हणाले. माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसण्याचे आमंत्रण त्यांनी काकांना त्यांच्या कार्यालयातून दिले, आणि काका बसले. मी उठलो, हे ओघाने आलेच.

पुढची चर्चा त्या दोघांमध्ये झाली. "ही पिवळी अक्षरं काय आहेत? मला काही दिसत नाही," असे काका म्हणाले, आणि "बदलून टाकू," असे कारखानदार म्हणाले. ४.५ नाही, १.०७ नाही, तक्ता नाही, काही नाही. "पंप बिघडला तर तुम्हाला फोन कुठं करायचा?" असे काकांनी विचारले, तेव्हा कारखानदारांनी मला सुनावले की, नंबर वरच हवा, हे तुमच्या लक्षात कसे आले नाही, अनुभवी माणसाची नजरच वेगळी असते. हा अनुभव कशाचा, असे विचारण्याचा मोह मी आवरला. ग्राहकाला तज्ज्ञाचे म्हणणे पटण्यासाठी ते तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या तोंडून यावे लागते, हे मला पूर्वीच कळलेले आहे; ते आपल्याच खुर्चीतून ऐकावे लागेल, एवढी मात्र कल्पना नव्हती.

घरून काम करण्याच्या गमती सांगताना २०१७ च्या मार्च महिन्यातल्या बीबीसीच्या मुलाखतीचा उल्लेख हमखास होतो. दक्षिण कोरियातून गंभीर राजकीय विषयावर बोलणाऱ्या प्राध्यापकांच्या मागून आधी त्यांची छोटी मुलगी डोलत आली, मग वॉकरमधले बाळ आले, मग त्यांना ओढून नेण्यासाठी पत्नी धावत आली, आणि सगळे जग कौतुकाने हसले. मीही हसलो. परंतु ते प्राध्यापक होते, हे प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच जगाला सांगितलेले होते. ज्याची पदवी आधीच मान्य झालेली आहे, त्याच्या खोलीत मूल आले तर तो लोभस प्रसंग ठरतो; ज्याचे काम हे काम आहे की नाही याचाच निवाडा व्हायचा आहे, त्याच्या खोलीत मूल आले तर तो पुरावा ठरतो. आणि माझ्याकडे तर मूलही आले नाही. ते बाहेर शहाण्यासारखे चित्र रंगवत बसले होते.

त्या पुराव्याचा उपयोग संध्याकाळी झाला. 'आपली परिस्थिती काकांकडून समजली, वाईट वाटले,' अशी कारखानदारांच्या ईमेलची सुरुवात होती, आणि 'आपण घरूनच काम करत असल्यामुळे जागेचा खर्च नाही, तेव्हा ठरलेल्या रकमेचा पुनर्विचार व्हावा,' असा तिचा शेवट होता. वाईट वाटल्यामुळे पैसे कमी देणारा मनुष्य मला प्रथमच भेटला. जागेचा खर्च नाही म्हणतात. ज्या खोलीत काम चालते तिच्यात घरातले दुसरे काही चालू शकत नाही, याची किंमत कोणत्याच बिलात येत नाही. दिवसाचे काम मुलीच्या गृहपाठात, डब्यात आणि शाळेच्या ने-आणीत तुकड्यातुकड्यांनी संपते आणि सलग काम ती झोपल्यावर सुरू होते, त्यामुळे माझे ईमेल रात्री उशिरा जातात आणि ग्राहकांना वाटते की हा दिवसभर झोपा काढतो. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नोंदी बदलल्या की ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी साठवलेली जुनी माहिती जाऊन नवी दिसायला कधी कधी ४८ तासही लागतात. तो कालावधीही आळस म्हणून माझ्याच खाती जमा होतो. भाड्याच्या कार्यालयात टाय लावून बसलेल्या माणसाला हेच ४८ तास 'तांत्रिक प्रक्रिया' म्हणून माफ असतात.

रक्कम कमी होणार नाही, असे मी अतिशय सभ्य शब्दांत कळवले. उत्तर आज सकाळी आले. रकमेचा आग्रह त्यांनी सोडला होता, मात्र उरलेला हप्ता काकांनी संकेतस्थळ एकदा पाहून पसंत केल्यावर मिळेल, अशी नवी अट घातली होती. काकांनी ही जबाबदारी गांभीर्याने घेतली. ते कात्रणाच्या पाठीवर मुद्दे लिहूनच आले. किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा पानाच्या तळाशी हवा, आणि 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे' ही ओळ वरच्या बाजूला उजवीकडून डावीकडे सरकत राहायला हवी. १९९० च्या दशकात इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरने आणलेला मार्की हा टॅग ते काम करतो. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या प्रमाणग्रंथात तो कालबाह्य म्हणून नोंदवलेला असून पाने तयार करणाऱ्यांनी तो वापरू नये असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. मी काकांना हे सांगितले. त्यांनी कारखानदारांना फोन लावला.

टॅग मी दुपारी घातला. सगळ्या ब्राउझरांमध्ये तपासून पाहिला. एकातही बिघडत नाही.