'आधी वाचा, मग शिकवा' म्हणणाऱ्या वाचकांस

पायाच्या सुजेवरच्या माझ्या लेखाखाली 'एक वाचक, गंगापूर रोड' यांनी लिहिलंय: केशवाहिनीच्या (धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या अतिबारीक रक्तवाहिनीच्या) शिरेकडच्या टोकाला पाणी परत रक्तात शोषलं जातं हे आता कोणी मानत नाही, ते होतच नाही, आकड्यांना एकक नाही, मिठाचा उल्लेख नाही. आणि शेवटी, 'आधी वाचा, मग शिकवा.'

एककाचं मान्य. 'मिलिमीटर पारा' आता घातलंय. मीठ हा लेखाचा विषयच नव्हता.

पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्या शेजारच्या काकूंना घोटे का सुजले ते कळावं, म्हणून मी फावल्या वेळात लिहितो. चूक दिसली तर जरूर दाखवा, पण ही मास्तरकी, आणि तीही निनावी?

आता तुमचा 'होतच नाही'. स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडलं ते असं: रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो; प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढतात. धमनीकडे दाब साधारण 35 मिलिमीटर पारा, शिरेकडे 15, प्रथिनांची ओढ 25 च्या आसपास. म्हणून इकडून बाहेर, तिकडून आत. लेखात मी हेच लिहिलं, कारण काकूंना तेवढं पुरतं.

लेविक आणि मिशेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांची 2010 ची सुधारित मांडणी मलाही ठाऊक आहे, साहेब. केशवाहिनीच्या आतून ग्लायकोकॅलिक्स नावाचा, शर्करा आणि प्रथिनांचा पातळ थर असतो. ओढ ठरते ती त्या थराच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रथिनांतल्या फरकावर. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाणी थोडं थोडं बाहेरच जात राहतं आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचं जादा पाणी गोळा करणाऱ्या बारीक नळ्या) ते रक्तात परत आणतात. 'बहुतेक ठिकाणी' हे शब्द नीट वाचा. आतड्यात आणि किडनीत केशवाहिन्या सतत पाणी शोषतात. ते थांबलं तर तुम्ही प्यालेला चहा रक्तात पोचणार कसा?

शिवाय रक्तस्राव. माझी उभी नोकरी नाशिकमधल्या लॅबमध्ये गेली. अपघाताचा पेशंट आणल्या आणल्या घेतलेल्या नमुन्यात हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक यायचं, नातेवाईक निर्धास्त व्हायचे. पुढच्या नमुन्यात ते घसरलेलं. सलाईनने रक्त पातळ झालं म्हणाल, तेही खरं. पण सलाईन लागण्याआधीच केशवाहिनीतला दाब पडलेला असतो, प्रथिनांची ओढ वरचढ ठरते आणि पेशींभोवतीचं पाणी रक्तात शिरायला लागतं. पहिल्या अर्ध्या तासात अर्धा लिटरपर्यंत. हे फार वेळ चालत नाही, पण चालतं. मी हे ट्यूबमध्ये पाहिलंय, तुम्ही बहुधा मोबाईलवर वाचलंय.

लेखातलं ते वाक्य तसंच राहील. पुढची प्रतिक्रिया नावानिशी टाका, नाहीतर छापणार नाही.