परकर तेवढा रंगीत ठेवा

बेळगावात पोरीचा पहिला वाढदिवस म्हटलं की कुंदा, चौकातलं बॅनर आणि आम्हा फोटोवाल्यांच्या काउंटरवर एक फर्माईश ठरलेली. "सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, परकर तेवढा रंगीत ठेवा. दोन मिन्टाचं काम की हो!"

परकराच्या जागी फुगा असेल तर दोन मिनिटांचंच. फुग्याला एक रंग, एक कड, ना चुण्या ना झालर. पण आपल्याकडे पोरीला घालतात खणाचा परकर. पुष्कळ खणांत उभा धागा एका रंगाचा नि आडवा दुसऱ्या, म्हणून कापड धूपछाव. चुणीच्या माथ्यावर किरमिजी, पोटात जांभळं, काठ हिरवा. फोटोशॉपला "लाल तेवढं धर" म्हणून सांगावं, तर ते अर्धा परकर सोडून देतं आणि त्याच्या बदल्यात पोरीचे ओठ, कानाची पाळी आणि मागचा गॅस सिलिंडर धरून आणतं.

गजरा अबोलीचा असला तर आणखी मजा. माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, रंगचक्रात नारिंगीच्या आळीतच राहते. अबोलीचं बिऱ्हाडही तिथलंच. नारिंगी राखून बाकीचे रंग उतरवले की गजऱ्यासकट अख्खी पोर अबोली.

म्हणून हातानंच मास्क करायचा, म्हणजे रंग कुठं झाकायचा नि कुठं दाखवायचा ते ब्रशनं रंगवायचं. फोटोवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकायचा, म्हणजे मूळ फोटोला धक्का न लावता वरून घातलेला पडदा. सगळा रंग एका झटक्यात काढणारं ‘डिसॅच्युरेट’ दाबून मोकळं होणाऱ्यांनी नंतर रडू नये: तिथं लाल नि हिरवा दोघेही एकाच राखाडीत जाऊन बसतात आणि पोलक्यावरची नक्षी गायब होते. या लेयरला प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो. लाल आणि पिवळा जरा वर नेला की चेहरा उजळतो. मग लेयरच्या पांढऱ्या मास्कवर काळा ब्रश फिरवायचा. जिथं फिरेल तिथं खालचा रंग वर येतो. कापडाच्या कडेला ब्रशची हार्डनेस, म्हणजे कडेचा टणकपणा, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, केसांपाशी वीसच्या आत. झूम 200 टक्के. ब्रश बाहेर गेला तर एक्स दाबून पांढरा घ्यायचा आणि पुसायचं. खोडरबराच्या टूलला हातही लावू नये. त्यानं खोडलेलं दुसऱ्या दिवशी परत येत नाही, गिऱ्हाईक मात्र येतं. कड नेहमी पिक्सेलभर आतून धरावी. बाहेरून धरली तर परकरावर ठेवलेल्या इवल्या बोटांना गुलाबी कड उरते आणि मेंदी पसरल्यासारखी दिसते. शेवटी ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक करायचं. नुसता काळा-पांढरा मास्क समोर येतो आणि परकराच्या मधोमध राहून गेलेले पांढरे ठिपके चुगली करतात.

हे सगळं मूळ फाइल मिळाली तर. येते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून, मावशीकडून मामाकडे आणि मामाकडून आमच्याकडे. अशा जेपेगमध्ये उजेड-अंधार पिक्सेलगणिक साठवलेला असतो, पण रंग बहुधा चार पिक्सेलना मिळून एकच. एरवी डोळ्याला पत्ता लागत नाही. शेजारी राखाडी आलं की परकराचा रंग काठाबाहेर सांडलेला स्पष्ट दिसतो, आणि कितीही नेटका मास्क केला तरी दोष आमच्या हाताला. मूळ फाइल मिळावी म्हणून "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगितलं तर आधार कार्ड येतं.

काही हुशार मंडळी उलटं मागतात: पोर रंगीत, कपडे काळे-पांढरे. यात लाल झबल्याची झाक हनुवटीखाली पडलेली असते. झबलं राखाडी झालं तरी झाक तिथंच. रंगाचा मालक परागंदा, उधारी पोराच्या गळ्यावर. तेवढ्या भागावर लालाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वीस-तीसनं उतरवावं लागतं. याच झटक्यात हीलिंग ब्रशनं डाग म्हणून गालावरची काजळाची तीट पुसली गेली, तर मात्र स्टुडिओ बंद करून खानापूरच्या जंगलात जावं.

आमचं विचाराल तर रंगीत ठेवायला छत्री चांगली, फुगा चांगला, पावसाळ्यात पिवळा रेनकोट तर फारच चांगला. कातडीपासून लांबचा रंग आणि स्वच्छ कड. नुसते ओठ रंगीत ठेवू नयेत, वर्षाच्या पोरीला लिपस्टिक लावल्यासारखं दिसतं. नुसते डोळे ठेवायचा आग्रह धरणाऱ्यांना आपल्या मुलांचे डोळे गडद तपकिरी असतात हे पैसे मोजल्यावर कळतं.

पण खरी परीक्षा घरी. फोटो पाहून आजी पहिलं वाक्य बोलते, "लेकरू आजारी होतं काय?" भिंतीवर काळा-पांढरा फोटो म्हणजे हार घातलेला, हा तिचा हिशेब, तिच्या हयातीत तो चुकलेला नाही. म्हणून चेहऱ्यावरच्या मास्कला पूर्ण पांढरा न ठेवता थोडा राखाडी करावा, पंधरा-वीस टक्के रंग परत येतो आणि पोरीच्या अंगात रक्त दिसतं. आजी समाधानानं म्हणते, "आता कपाळाचं कुंकूबी लाल करा की."

कुंकू झालं. मग आत्यानं दिलेल्या बिंदल्या सोन्याच्या आहेत हे दिसायला नको? बिंदल्या झाल्या. गजरा मामीचा. केक काकांचा, तोही निपाणीहून मांडीवर धरून आणलेला. मास्कवर आता पांढरं शोधावं लागतं. संध्याकाळी आजोबा चष्मा कपाळावरून खाली घेतात, फोटो लांब धरून न्याहाळतात आणि विचारतात, "सगळं झकास झालंय बघा. खुर्ची तेवढी बिनरंगाची का सोडलाय?"