पडणाऱ्याच्या खाली काय होतं?

धाकटा त्या दिवशी उशिरा आला आणि कट्ट्याच्या टोकाला बसला. एरवी तो मधे बसतो. काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेल्याचा मेल त्यानं सोमवारीच ग्रुपवर टाकला होता, शेवटच्या "पुढील वाटचालीस शुभेच्छा"सकट. म्हणून कुणी काही विचारलं नाही. मास्तर थोडे सरकले, अक्कांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि दोन मिनिटं सगळे रस्त्याकडे बघत राहिले.

भाऊला शांतता सोसवत नाही.

"जे होतं ते चांगल्यासाठीच होतं," तो म्हणाला.

"झालं सुरू," अक्का म्हणाल्या.

भाऊ म्हणजे रोज सकाळी सहाला उगवता सूर्य आणि त्याखाली सुविचार पाठवणारा आमचा भाऊ. रंगात आला की तो उठून उभा राहतो आणि समोर एकच माणूस असला तरी त्याला "मित्रांनो" म्हणतो.

"मित्रांनो, स्टीव्ह जॉब्स! १९८५ साली त्याला ॲपलमधून बाहेर पडावं लागलं. स्वतः उभारलेल्या कंपनीतून! पुढं काय झालं? नेक्स्ट नावाची संगणक कंपनी काढली. ॲनिमेशनवाली पिक्सार घेतली. आणि अकरा वर्षांनी ॲपलनंच नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं, त्याला परत आणलं. दुसरं उदाहरण, तो अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग. १९८१ मध्ये सॉलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेनं नारळ दिला. आज बघा कुठे आहे!"

"नारळाबरोबर काय दिलं ते सांग की," अक्का म्हणाल्या.

"काय दिलं?"

"एक कोटी डॉलर. भागीदार होता तो तिथं. कंपनी विकली गेली, त्याचा वाटा त्याच्या हातात पडला आणि मग त्याला दार दाखवलं. तुझ्या जॉब्सनं बाहेर पडल्यावर ॲपलचे शेअर विकले, एक तेवढा ठेवला. पडले दोघंही, पण खाली गादी होती. धाकट्याच्या खाली काय आहे? तीन महिन्यांचा पगार आणि घराचा हप्ता. गादीवर पडलेल्या माणसाची गोष्ट फरशीवर पडलेल्याला सांगू नये, भाऊ."

धाकट्यानं पहिल्यांदा मान वर केली.

मला अक्कांचं पटतं आणि ते लपवायचं कारण नाही. नोकरी गेलेल्या माणसाला "यातून काहीतरी चांगलं निघेल" असं सांगणारा त्याचं दुःख कमी करत नाही; त्या दुःखाजवळ बसायची स्वतःची जबाबदारी तेवढी कमी करून घेतो. मी हे स्वतः ऐकून घेतलेलं आहे, आणि ज्यांनी तेव्हा हे ऐकवलं त्यांच्यापैकी एकानंही नंतर फोन केला नव्हता.

भाऊ मात्र हरणाऱ्यातला नाही. "बरं, तो व्हॉट्सॲपवाला घ्या. ब्रायन ॲक्टन! २००९ मध्ये फेसबुकनं त्याला नोकरी नाकारली. त्याच फेसबुकनं २०१४ मध्ये व्हॉट्सॲप एकोणीसशे कोटी डॉलरला घेतलं! नाकारलं नसतं तर झालं असतं का हे?"

"नसतं झालं," गणित्या म्हणाला. "पण त्या वर्षी फेसबुकनं आणखी किती जणांना नाकारलं, आणि ते सगळे आज काय करतायत, हे तू मला सांगू शकशील का?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तेच म्हणतोय. तुला एकच का माहीत आहे?"

"आणि ज्याची गोष्ट सांगतोयस ती तरी पुरती सांग," अक्का म्हणाल्या. "ॲक्टननं याहूत वर्षानुवर्षं काढली होती. व्हॉट्सॲपला सुरुवातीचे अडीच लाख डॉलर कुणी दिले? याहूतल्याच त्याच्या जुन्या मित्रांनी. फेसबुकनं दार लावलं म्हणून व्हॉट्सॲप झालं नाही. दार लागलं तेव्हा पाठीशी माणसं होती म्हणून झालं."

इथे भाऊ खाली बसला. पण बसता बसता म्हणालाच, "अक्का, तुम्हाला माझं काहीच पटत नाही. सशांपासून."

हा विषय कुणी काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि त्यानं तो स्वतःच काढला. नऊ वर्षांपूर्वी भाऊनं ससेपालन सुरू केलं होतं. आमच्यापैकी चौघांचे पैसे त्यात होते. "एका जोडीचे वर्षात किती होतात, करा हिशेब," असं म्हणत तो घरोघरी कागद घेऊन फिरला होता. हिशेब बरोबर होता. जाळीचा अंदाज तेवढा चुकला.

"माझ्या बागेतला एकूण एक अंकुर खाल्ला त्यांनी," मास्तर म्हणाले. "आणि तू मला काय म्हणालास आठवतं? मास्तर, ही संधी समजा."

"मी आजही तेच म्हणेन."

"माझी छत्री पण त्याच पावसाळ्यात नेलीस. तीही संधी समजू का?"

धाकटा हसला. फार नाही, पण हसला. भाऊला तेवढं पुरेसं झालं असावं, कारण पुढची पाच मिनिटं तो गप्प होता.

त्या पाच मिनिटांत मास्तर बोलले. मास्तरांना घाई नसते. निम्मा वर्ग बाहेर गेला तरी ते वाक्य पुरं करायचे.

"कलामांचं तुम्हाला ठाऊक आहे. वैमानिक व्हायचं होतं. देहरादूनला निवड होती, पंचवीस उमेदवार, जागा आठ. त्यांचा नंबर नववा. सगळे ही गोष्ट इथे तोडतात आणि एकदम राष्ट्रपती भवनात नेऊन सोडतात. मधलं पान कुणी वाचत नाही. देहरादूनला जायच्या आधी ते दिल्लीत उतरले होते आणि संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात मुलाखत देऊन आले होते. नववा नंबर आला, खचले, हृषीकेशला गेले. परत दिल्लीला आले तेव्हा त्या दुसऱ्या मुलाखतीचं नेमणूकपत्र तयार होतं."

"म्हणजे पहिलं दार लागायच्या आधीच दुसरं ठोठावून ठेवलं होतं," धाकटा म्हणाला.

"हो. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १० ऑगस्ट १९७९. उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ यानाचं पहिलं उड्डाण. प्रकल्पाचे प्रमुख कलाम. यान समुद्रात पडलं. बाहेर पत्रकार थांबलेले. अशा वेळी वरिष्ठ काय करतात?"

"खालच्याला पुढे करतात," धाकटा लगेच म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

"सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष होते. ते स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि अपयशाची जबाबदारी आपल्यावर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८०ला, यान नीट वर गेलं, तेव्हा कलामांना म्हणाले, आता पत्रकार परिषद तुम्ही घ्या. कलाम हे जन्मभर सांगत राहिले. आता मला सांगा, ७९ च्या त्या दिवशी धवन बाजूला झाले असते तर ८० साल कलामांना मिळालं असतं का?"

कुणी उत्तर दिलं नाही. एक बस गेली. मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच होतं. ठेच लागली की माणूस शहाणा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ठेच लागल्यावर त्याला पुन्हा चालायची संधी कोण देतं, यावर सगळं ठरतं, आणि ते देणारा माणूस गोष्टीतून बहुतेक वेळा गळून पडतो.

"पण भाऊ पूर्ण चुकीचा नाहीये," गणित्या म्हणाला, आणि भाऊ पुन्हा ताठ बसला. "२०१९ चा एक अभ्यास आहे. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला सरकारी अनुदान मिळतं. त्यासाठी अर्ज केलेले तरुण शास्त्रज्ञ घेतले. एका बाजूला काठावर पास झालेले, दुसऱ्या बाजूला काठावर हुकलेले. दोघांत गुणवत्तेचा फरक जवळपास नाहीच. पुढच्या दहा वर्षांचं काम तपासलं. जे हुकले आणि तरी टिकून राहिले, त्यांचे खूप गाजलेले शोधनिबंध काठावर जिंकलेल्यांपेक्षा जास्त निघाले."

"बघा!" भाऊ उभा राहिला. "मित्रांनो..."

"बस. 'तरी टिकून राहिले' म्हणालो मी. तिथे एकदा हुकलं की त्या अनुदानाच्या व्यवस्थेतून कायमचं दिसेनासं होण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त होती."

"म्हणजे कच्चे गळाले आणि पक्के उरले, एवढंच ना?" मी विचारलं.

"तीच शंका त्यांनाही आली. म्हणून जिंकलेल्यांतलेही तेवढेच कच्चे हिशेबातून काढून पाहिले. तरी फरक पुरता गेला नाही. म्हणजे ठेचेनं काहीतरी खरंच होतं, हे मान्य. पण ते शास्त्रज्ञ. साध्या नोकरदारांचं बघायचं तर पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांचा १९९३ चा अभ्यास आहे. एकाच ठिकाणी सहा-सहा वर्षं मुरलेली माणसं, मोठ्या कपातीत बाहेर पडलेली. नवीन काम मिळून काही वर्षं गेली तरी त्यांची कमाई नोकरी टिकली असती तर जेवढी झाली असती त्याहून साधारण पाव हिश्शानं कमीच होती."

"हे तू त्याला धीर द्यायला सांगतोयस?" अक्कांनी विचारलं.

गणित्या ओशाळला. "नाही म्हणजे... खरं आहे म्हणून."

"खरं आहे ते चांगलं आहे," धाकटा म्हणाला. "सोमवारपासून मला सगळे सांगतायत की मी नशीबवान आहे. मला वाटायला लागलं होतं की मलाच वाईट वाटतंय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

यावर अक्कांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. एक दिवस छापखाना बंद झाला, मागच्या दोन महिन्यांचा पगारही बुडाला. आज त्या अनुवाद करतात, हातात कामं मावत नाहीत, आणि भाऊनं आपल्या एका सुविचाराखाली त्यांचं उदाहरणही टाकलं होतं.

"तू लिहिलंस, छापखाना बंद पडला आणि अनुवादिका जन्माला आली. मधली चार वर्षं कुठे गेली रे? बहिणीच्या घरी एका खोलीत काढली मी. तिच्या नवऱ्यानं एकदाही विचारलं नाही किती दिवस राहणार म्हणून. तो माणूस तुझ्या गोष्टीत नाही. शब्दकोश हाताशी धरून मी रोज दोन पानं अनुवाद करायचे, कुणी मागितलेली नसताना. आणि पहिलं काम कुणी आणलं? हे बसलेत ना, यांनी."

मास्तर चपलेकडे बघायला लागले.

"यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला माणूस हवा होता. यांनी माझं नाव सुचवलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही. तीन वर्षांनी कळलं मला. छापखाना बंद पडला ते चांगलं झालं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. वाईट झालं. त्यानंतर माणसं चांगली मिळाली, ही निराळी गोष्ट."

भाऊचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी माझ्याकडे आजारपण होतं तेव्हा रात्री दोनला गाडी घेऊन आलेला तोच होता, आणि त्या रात्री त्यानं एकही सुविचार ऐकवला नव्हता.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं. अगदी साधं, "मित्रांनो" न म्हणता.

"ओळखी सांग," गणित्या म्हणाला. "ग्रॅनोव्हेटर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, ज्यानं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ ला छापलंय. नेहमी भेटणारे सहात एक. बाकी सगळे कधीमधी भेटणारे किंवा क्वचितच भेटणारे. कारण सरळ आहे, रोज भेटणाऱ्याला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. या कट्ट्यावर बसून धाकट्याला नोकरी मिळणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या विसरलेल्या ओळखीतून मिळेल."

अक्कांनी पिशवीतून एका मुद्रिताचा कोरा मागचा कागद काढला आणि धाकट्याच्या हातात पेन दिलं. मास्तरांनी चार विद्यार्थी सांगितले, इयत्ता आणि खोड्यांसकट. माझे दोन जुने सहकारी झाले. धाकट्यानं स्वतः पहिल्या नोकरीतल्या बाईंचं नाव लिहिलं, मग खोडलं, "त्यांना आता काय तोंड दाखवू" म्हणाला. अक्कांनी पेन घेऊन तेच नाव पुन्हा लिहिलं, ठळक.

"तुझं काम नेमकं काय होतं रे?" भाऊनं विचारलं. इतक्या वेळात हे विचारणारा तो पहिलाच.

"गोदामातल्या साठ्याच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. ते तपासायचो, बसवून द्यायचो."

"गोदाम," भाऊ म्हणाला. मग अस्वस्थ झाला. "एक माणूस आहे. पशुखाद्याची सात गोदामं आहेत त्याची. नोंदी अजून वहीत. पण..."

"पण काय?"

"उरलेले ससे त्यानं घेतले होते."

आधी मास्तर हसले. मग आवरेना कुणालाच.

"बोलला नाहीस त्याच्याशी नंतर?"

"आठ वर्षं नाही."

"क्वचित भेटणारा!" गणित्या ओरडला. "लाव फोन! आत्ता!"

"अहो, मी त्याला सगळ्या माद्या आहेत म्हणून सांगितलं होतं..."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. धाकटा मधे येऊन बसला होता, कधी ते कळलंच नाही. भाऊनं नंबर शोधला, उभा राहिला, स्पीकर चालू केला. चार वेळा वाजला. पलीकडून आवाज आला.

"भाऊ? परत घेणार नसशील तर ठेव फोन. आता साडेतीनशे आहेत."